अण्णाभाऊंच्या गाण्यामागं उभी राहिली कामगारांची एकी

चामटोली (ता. अंबरनाथ) : भजनात बुवा कितीही चांगला असू द्या, मागं टाळकरी नसतील तर भजन रंगत नाही. शाहिरीचंही तसंच. मागच्या झीलकऱ्यांनी सूर उचलला तरच पोवाडा उभा राहतो. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांनी हीच ताकद कामगारांच्या एकीसाठी वापरली.

त्यांचं मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, मातंग कुटुंबातला. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांसोबत सगळं घर पायी मुंबईला आलं. अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत राबले. गावाकडं नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशातही ते रमले.

त्या काळी गिरणीतसुद्धा जात होती. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथं दलितांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि त्या तोंडाचा इतरांना विटाळ वाटे!

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक काढलं. डफ, ढोलकी, तुणतुणं घेऊन ही मंडळी कामगार वस्त्यांत जायची. ज्याच्या तोंडाचा विटाळ मानला जायचा, त्याच्याच तोंडची ओळ आता सगळे मिळून झेलू लागले. तमाशातली गवळण त्यांनी काढून टाकली. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. सरकारनं या तमाशांवर बंदी घातली, तरी गाणं थांबलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको, ही ताटातूट घरोघरची होती. म्हणून ती लावणी एकट्याची राहिली नाही. बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राचं दुःखही त्यात मिसळलं.

‘फकिरा’ कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, १९६१ ला रशियाचा प्रवासही झाला. पण गरिबी सुटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. पुढच्याच महिन्यात अमर शेखही अपघातात गेले. गळे थांबले. गाणी मात्र आजही १ ऑगस्टला वस्तीवस्तीत म्हटली जातात, आणि मागं सूर धरायला माणसं उभी राहतात.