चूक नक्की कुठे झाली? – रिचर्ड हॅमिंग

डिजिटलच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे हॅमिंग कोड. पी-वन, पी-टू, पी-फोर हे पॅरिटी बिट काढायचे, सिंड्रोम लिहायचा, चुकलेला बिट उलटा करायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पण हॅमिंग हे एका माणसाचं आडनाव आहे आणि त्या माणसाला खरं तर आपल्यासारखं इंजिनियर व्हायचं होतं, हे किती जणांना माहीत असतं? मलाही नव्हतं.

रिचर्ड वेस्ली हॅमिंगचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ चा, शिकागोचा. कॉलेजात जायची वेळ आली ती जागतिक मंदीच्या काळात. हातात पैसा नाही, आणि स्कॉलरशिप मिळाली ती एकट्या शिकागो विद्यापीठाची. तिथे इंजिनियरिंगची शाखाच नव्हती! मग घेतलं गणित. १९३७ साली बी.एस., १९३९ साली नेब्रास्काहून एम.ए., आणि १९४२ साली इलिनॉय विद्यापीठातून डिफरन्शियल इक्वेशन्सवर पीएच.डी. (आपल्याला एम-थ्रीमध्ये रडवणारी तीच ती.) इंजिनियरिंग हुकलं याचं त्याला पुढे वाईट वाटलं नाही. इंजिनियर झालो असतो तर मॅनहोलमध्ये उतरत बसलो असतो, असं तो सांगायचा.

१९४५ च्या एप्रिलमध्ये तो लॉस अलामॉसला, म्हणजे अणुबॉम्बच्या प्रकल्पावर गेला. काम काय, तर आयबीएमची गणकयंत्रं चालती ठेवायची, म्हणजे शास्त्रज्ञ आपल्या कामाला मोकळे राहतील. स्वतःला तो गमतीने कॉम्प्युटरचा झाडूवाला म्हणवून घेई. त्याची बायको वांडा हीसुद्धा तिथे आकडेमोड करायला होती. पहिल्या चाचणीच्या थोडं आधी एकाने त्याच्याकडे काही गणितं तपासायला दिली. विचारल्यावर कळलं की स्फोटाने पृथ्वीवरचं वातावरणच पेट घेईल का, याचा तो हिशोब होता. आकडेमोड बरोबर होती. पण आत वापरलेली सूत्रं बरोबर आहेत का, याची खात्री हॅमिंग देऊ शकत नव्हता. उत्तर बरोबर येणं आणि उत्तरावर भरवसा ठेवता येणं यातला फरक त्याला तिथे कळला असावा, असं मला वाटतं.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली तो बेल लॅब्जमध्ये लागला. काही काळ क्लॉड शॅनन आणि तो एकाच खोलीत बसत. काय खोली असेल ती!

तिथलं मॉडेल ५ हे कॉम्प्युटर रिलेवर चालायचं, नऊ हजारांहून जास्त रिले. एखादा रिले अडकला की आकड्याचा कोड बिघडायचा आणि मशीनला ते कळायचं. दिवसा ऑपरेटर हजर असत, ते येऊन बघत. शनिवार-रविवारी कोणी नसे, तेव्हा मशीन चुकलेलं काम सोडून द्यायचं आणि पुढचं उचलायचं. हॅमिंग नवखा, त्याच्या वाट्याला वीकेंडच. १९४७ च्या सुमारास असं दोनदा लागोपाठ झालं : शुक्रवारी काम लावून गेला, सोमवारी येऊन बघतो तर काहीच झालेलं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याची सिम्युलेशन बंद पडली आहे, त्याला हा राग समजावून सांगायला नको.

रागावून माणूस दोन शिव्या देतो आणि पुन्हा रन करतो. हॅमिंगच्या डोक्यात मात्र वेगळा प्रश्न घुसला. चूक झाली हे मशीनला कळतं, मग कुठे झाली हे का कळू नये? जागा कळली तर बिट उलटा करायचा, झालं.

आधी त्याने बिट चौकोनात मांडले, प्रत्येक ओळीला आणि उभ्या रांगेला एकेक पॅरिटी. चूक झाली की एक ओळ आणि एक रांग बोंबलते, दोघींच्या छेदात चूक सापडते. पण जास्तीचे बिट फार लागतात. मग कंपनीच्या टपालगाडीतून न्यूयॉर्कला जाताना सुचलं की चौकोनाऐवजी त्रिकोण घेतला तर कमी लागतील. त्रिकोणानंतर घन, घनानंतर चार मिती, पाच मिती... असं करत तो त्या मांडणीला पोचला जी आपण घोकतो. १०११ हे चार बिट घ्या, कोड होतो ०११००११. सहावा बिट उलटा करा, ०११०००१. आता तिन्ही पॅरिटी पुन्हा तपासा : पहिली बरोबर, दुसरी चूक, चौथी चूक. चौथीपासून उलट लिहिलं की ११०, म्हणजे सहा. मशीन स्वतःच सांगतं की सहावा बिट बघ. परीक्षेत हे यंत्रासारखं करताना यातली गंमत निघून जाते.

पण बेल लॅब्जला पेटंट हवं होतं, त्यामुळे पेपर छापायला उशीर झाला. शॅननने १९४८ च्या आपल्या गाजलेल्या पेपरात हॅमिंगच्या नावाने उदाहरण दिलं, १९४९ साली गोलेचा कोड छापून आला, आणि खुद्द हॅमिंगचा पेपर निघाला एप्रिल १९५० मध्ये. पुढे आयबीएमच्या स्ट्रेच कॉम्प्युटरने ६४ बिटांच्या शब्दाला ८ तपासणी बिट जोडले : एक बिट चुकला तर दुरुस्त, दोन चुकले तर नुसतं कळवायचं. सर्व्हरच्या ईसीसी मेमरीत आजही मूळ कल्पना हीच आहे.

नुसतं कळवायचं, पण कोणाला? इथे सोमवार सकाळचा प्रश्न नव्या रूपात परत येतो. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात. न दुरुस्त होणारी चूक प्रोसेसर आधी खालच्या कर्नलला सांगतो. ती एखाद्या गेस्टच्या मेमरीतली असेल, तर गेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला सिगबस सिग्नल जातो आणि तो प्रोग्राम ती आत गेस्टपर्यंत पोचवतो. एआरएम प्रोसेसरवर अशी एक सूचना एसएरर नावाने येते, आणि ती येताक्षणीच घेतली जाईल असं नाही. गेस्टने ती थोपवून धरली असेल तर ती तशीच लटकत राहते. नेमकं तेव्हाच ते व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं तर? रजिस्टर गेली, मेमरी गेली, पण लटकलेली चूक मागेच राहिली, आणि गेस्ट खराब डेटावर निवांत पुढे चालला.

म्हणून लायनक्सच्या केव्हीएममध्ये २०१८ साली, ४.१९ या आवृत्तीत, एआरएमसाठी एक छोटंसं स्ट्रक्चर आलं. एसएरर लटकला आहे का, सोबत सिंड्रोम आहे का, आणि असल्यास कोणता. (सिंड्रोम हाच शब्द! इथे मात्र तो बिटाची जागा सांगत नाही, चुकीचा प्रकार सांगतो.) मधला प्रश्न वेगळा का, तर सगळ्याच प्रोसेसरना सिंड्रोम ठरवून देता येत नाही. उरलेली जागा मोकळी ठेवली, आणि राखीव भागात शून्यच भरा अशी सक्ती केली. कारण लायनक्सचा नियम असा की कर्नलचा इंटरफेस एकदा बाहेर पडला की वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडायचे नाहीत. त्या मोकळ्या जागेतला एक बाइट पुढे ५.५ आवृत्तीत दुसऱ्या प्रकारच्या चुकीसाठी वापरला गेला, आणि जुने प्रोग्राम तसेच चालू राहिले. हॅमिंगने चार बिटांसाठी तीन जास्तीचे बिट मोजले, त्याच जातीची ही काटकसर आहे.

हॅमिंगला १९६८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माणूस मात्र तिखट. बेल लॅब्जच्या मेसमध्ये तो केमिस्ट लोकांच्या टेबलावर जाऊन बसे आणि विचारी, तुमच्या विषयातले महत्त्वाचे प्रश्न कोणते? काही दिवसांनी, मग तुम्ही त्यातल्या कशावर काम करताय? आणखी काही दिवसांनी, तुमचं काम महत्त्वाचं नसेल तर करता कशाला? मग त्याला दुसरं टेबल शोधावं लागलं. मला हा भाग थोडा उद्धट वाटतो. प्रत्येकाला प्रश्न निवडायची मोकळीक नसते, त्याला स्वतःला तरी इंजिनियरिंग कुठे निवडता आलं होतं?

१९७६ मध्ये बेल लॅब्ज सोडून तो कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायला गेला. तिथल्या तासांवरून १९९७ साली ‘द आर्ट ऑफ डूइंग सायन्स अँड इंजिनियरिंग’ हे पुस्तक निघालं. त्यात एरर करेक्टिंग कोडवर एक प्रकरण आहे. चौकोन, त्रिकोण, टपालगाडी सगळं त्यात त्याने स्वतः सांगितलं आहे. डिसेंबर १९९७ पर्यंत तो शिकवत होता. ७ जानेवारी १९९८ ला मॉन्टेरेतच वारला.