शिंप्याचा मुलगा, आवाजाचा धनी : अॅलिस्टर सिम

नाटक किंवा चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम नायक आणि नायिका येतात. परंतु नायिकेचा बाप, कंजूष सावकार, गोंधळलेले हेडमास्तर, संशयी पोलीस अधिकारी ही माणसे खरी वाटली नाहीत, तर नायकाचे सारे जगच खोटे वाटू लागते. ही माणसे उभी करणाऱ्या नटाला चरित्र अभिनेता म्हणतात. नायकाला देखणे रूप असले तर बरेचसे भागते. चरित्र अभिनेत्याला मात्र माणसांची पारख असावी लागते. स्कॉटलंडचा अॅलिस्टर सिम हा या परंपरेतील एक थोर नट होय.

सिमचा जन्म ९ ऑक्टोबर १९०० रोजी एडिंबरो शहरात झाला. वडील शिंपी होते. आई आयग नावाच्या लहानशा बेटावरची. तिची मातृभाषा इंग्रजी नव्हती. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात व बेटांवर बोलली जाणारी गेलिक ही तिची भाषा. चौदाव्या वर्षी अॅलिस्टरची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या दुकानात निरोप्याचे काम करू लागला. पुढे कपड्यांच्या आणखी एका दुकानात त्याने नोकरी केली. १९१८ साली रसायनशास्त्र शिकण्यासाठी त्याने एडिंबरो विद्यापीठात नाव घातले, पण तेवढ्यात सैन्यातून बोलावणे आले. थोड्याच दिवसांत महायुद्ध संपले. घरी परतल्यावर त्याने सांगून टाकले की, आपण नट होणार. घरच्यांना हा बेत मुळीच रुचला नाही. तेव्हा तो घर सोडून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला आणि सुमारे वर्षभर मजुरांच्या टोळीबरोबर मिळेल ते काम करीत राहिला. तेथून परत आल्यावर त्याने एडिंबरोच्या कर आकारणी कचेरीत नोकरी धरली. फावल्या वेळात कवितावाचनाचा अभ्यास चालूच होता.

या अभ्यासातूनच त्याचे दैव उघडले. १९२५ साली विद्यापीठाच्या न्यू कॉलेजमध्ये वाणी व उच्चारशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून त्याची नेमणूक झाली. पुढे धर्मोपदेशक होणाऱ्या विद्यार्थ्यांना स्पष्ट व परिणामकारक कसे बोलावे, हे तो १९३० पर्यंत शिकवीत होता. मुलांसाठी त्याने नाट्यशिक्षणाची शाळाही काढली.

मित्रहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. जिची मातृभाषा इंग्रजी नव्हती अशा आईचा, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला हा मुलगा विद्यापीठात इंग्रजी बोलणे शिकवू लागला! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आपले बोलणे गावंढळ ठरेल या भीतीने वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसणारे माझ्यासारखे अनेकजण येथे आहेत. सिमने इतरांना शुद्ध उच्चार शिकवले, पण स्वतःच्या बोलण्यातील स्कॉटिश हेल कधी पुसून टाकला नाही. पुढे तोच हेल त्याची ओळख ठरला.

१९३० साली, वयाच्या तिशीला टेकल्यावर, तो लंडनच्या रंगभूमीवर आला. नाटककार जॉन ड्रिंकवॉटर यांनी त्याला उत्तेजन दिले. पहिले नाटक शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’. नायक पॉल रॉब्सन, नायिका पेगी अॅशक्रॉफ्ट आणि सिमच्या वाट्याला दूताची चिमुकली भूमिका! त्यानंतर ओल्ड विक नाट्यगृहात त्याने शेक्सपिअरच्या नाटकांतून कामे केली. १९३५ पासून तो चित्रपटांत दिसू लागला व पुढे पन्नासांहून अधिक चित्रपटांत त्याने भूमिका केल्या. टक्कल, मोठे पाणीदार डोळे आणि दुःखी की मिस्कील हे चटकन न कळणारा चेहरा, एवढेच त्याचे भांडवल. ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) मधील पोलीस निरीक्षक, हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) मधील नायिकेचा बाप, प्रीस्टली यांच्या नाटकावरील ‘अॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ (१९५४) मधील गूढ पाहुणा या एकाच नटाच्या भूमिका आहेत हे सांगूनही पटत नाही. ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ (१९५४) मध्ये तर मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आणि तिचा लबाड भाऊ अशा दोन्ही भूमिका त्यानेच केल्या.

तथापि त्याची सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे डिकन्सच्या कथेवरील ‘स्क्रूज’ (१९५१) मधील कृपण म्हातारा. नाताळच्या रात्री पश्चात्ताप होऊन माणसात येणारा हा कंजूष अनेकांनी रंगविला. सिमचे वैशिष्ट्य असे की, त्याने म्हाताऱ्याच्या कद्रूपणामागील एकाकीपणा दाखवला. त्यामुळे शेवटी त्याला झालेला आनंद वेड्यासारखा असूनही खरा वाटतो. याच चित्रपटात तरुणपणीचा स्क्रूज जॉर्ज कोल याने केला. युद्धकाळात या पोरसवदा नटाला सिम व त्याची पत्नी नेओमी यांनी आपल्या घरात आश्रय दिला होता आणि सिमने त्याला अभिनयाचे धडे दिले होते.

१९४८ साली एडिंबरो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सिमला रेक्टर म्हणून निवडून दिले. तेथे हे मानाचे पद तेव्हा विद्यार्थ्यांच्या मतांवर मिळत असे. पराभूत उमेदवार होते हॅरोल्ड मॅकमिलन, जे १९५७ साली ब्रिटनचे पंतप्रधान झाले! ज्या विद्यापीठातील शिक्षण अर्धवट राहिले, त्याच विद्यापीठाचा सिम तीन वर्षे रेक्टर होता.

एवढी कीर्ती मिळूनही तो प्रसिद्धीपासून दूर राहिला. चाहत्यांना स्वाक्षरी देणे त्याला पसंत नव्हते. १९५३ साली त्याने सी.बी.ई. हा किताब स्वीकारला, परंतु पुढे देऊ केलेली ‘सर’ ही पदवी मात्र नाकारली. १९ ऑगस्ट १९७६ रोजी लंडन येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार त्याचा देह वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला.

सिम जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे धारण करीत राहिला, पण स्वतःचा आवाज त्याने कधी उसना आणला नाही. उशिरा आणि आडवाटेने शिक्षणाकडे आलेल्या आपल्यासारख्यांनी या शिंप्याच्या मुलाकडून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.