आखाड्याबाहेरची कुस्ती

आगरी-कोळी गावांच्या जत्रांत आजही कुस्त्यांचे मैदान भरते. कल्याण, भिवंडी आणि ठाणे परिसरातील अनेक गावांनी सिमेंटच्या जंगलात स्वतःचे गावपण गमावले. पण जत्रेच्या दिवशी मोकळ्या जागेत माती टाकली जाते, पंच बसतात आणि जोडी लावण्याची घासाघीस सुरू होते. कोण कोणाशी लढणार, इनाम किती, कुस्ती निकाली करायची की ठरावीक वेळेनंतर सोडवायची, बरोबरी झाली तर रक्कम कशी वाटायची, हे सारे लंगोट कसण्याआधी ठरते. एखादा नामांकित पहिलवान तोलामोलाची जोड नाकारतो, तेव्हा बघ्यांत कुजबुज सुरू होते. ती कुजबुज कधी कधी प्रत्यक्ष कुस्तीपेक्षा अधिक रंगते.

डोंबिवली-ठाण्याच्या कट्ट्यांवर बसून मुष्टियुद्धाच्या लढती पाहणाऱ्या तरुण पिढीला हाच वाद वेगळ्या शब्दांत परिचयाचा आहे. मेवेदर आणि पॅकियाव यांची लढत अनेक वर्षे लांबली. अखेर २०१५ च्या मे महिन्यात लास व्हेगासला ती झाली तेव्हा मानधनाची वाटणी साठ-चाळीस अशी ठरली होती. किताब देणाऱ्या संस्थांनी आता नियमच केला आहे, की विजेत्याने ठरावीक मुदतीत अव्वल आव्हानवीराशी लढलेच पाहिजे. दोन्ही बाजूंचे रकमेवर एकमत झाले नाही, तर लढतीची बोली लावली जाते. तरीही पळवाटा निघतातच. मात्र निदान नियम तरी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असा कोणताही नियम नसताना, परक्या देशात, परक्या भाषेत, आव्हान देत उभ्या राहिलेल्या एका पहिलवानाचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तो म्हणजे गुलाम मोहम्मद बक्ष, अवघ्या हिंदुस्थानचा गामा.

गामाचा जन्म १८७८ चा. घराणे काश्मिरी वंशाचे आणि पिढीजात मल्लांचे. वडील अझीझ बक्ष हेही पहिलवान होते. ते गेले तेव्हा गामा पाच-सहा वर्षांचा होता. आजोळच्या मंडळींनी त्याला वाढवले आणि घडवले. वयाच्या दहाव्या वर्षी जोधपूर दरबारात बैठकांची स्पर्धा झाली. शेकडो कसलेल्या मल्लांमध्ये हे पोर अखेरच्या काही जणांत टिकून राहिले आणि महाराजांनी त्यालाच विजयी ठरवले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याच्या बैठका, जोर, दूध आणि बदाम यांचे आकडे मात्र सांगणाऱ्यागणिक वाढत गेले आहेत. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात गामाने १९०२ साली उचललेला म्हणून एक प्रचंड दगड ठेवलेला आहे. त्याचे वजन बाराशे किलो सांगतात. तो दगड पूर्णपणे उचलला गेला असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण. पण असा दगड जपून ठेवावासा वाटला, यातच त्या काळातील गामाचा दरारा दिसतो.

त्या काळी पहिलवानाचा खरा पोशिंदा म्हणजे संस्थानिक. खुराक, निवास, मानधन सारे दरबारातून मिळे आणि जोडही दरबारच लावीत असे. दोन संस्थानांचे मल्ल भिडत तेव्हा प्रतिष्ठा राजांचीही पणाला लागे. महाराष्ट्रात हे काम कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी ज्या आस्थेने केले त्याला तोड नाही. उत्तरेतील नामवंत मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणले, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदानाचे उद्‍घाटन झाले तेव्हा पहिली मोठी कुस्ती गामाचा धाकटा भाऊ इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लावली. ती इमाम बक्षने जिंकली.

गामाची स्वतःची कसोटी मात्र रहीम सुलतानीवाला याच्याशी होती. गुजरांवालाचा हा मल्ल गामापेक्षा कितीतरी उंच आणि वयाने बराच मोठा. दोघांच्या कुस्त्या वेगवेगळ्या संस्थानांत झाल्या आणि बरोबरीत सुटल्या. हिंदुस्थानातील इतर साऱ्यांना गामाने चीत केले. उरला तो रहीम. आजच्या भाषेत, अव्वल आव्हानवीर.

तो हिशेब बाकी असतानाच १९१० मध्ये गामा इंग्लंडला गेला. बेंजामिन नावाच्या व्यवस्थापकाने हा दौरा आखला होता आणि पैसा शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाने उभा केला होता. सोबत इमाम बक्ष आणि आणखी मल्ल होते. लंडनमध्ये कुस्ती ही नाट्यगृहांतून चालणारी करमणूक झाली होती. बऱ्याच लढतींचा निकाल आधीच ठरलेला असे, आणि प्रेक्षकांनाही त्याचा संशय असे. अशा बाजारात हे लोक खरी कुस्ती घेऊन उतरले. गामाची उंची जेमतेम पाच फूट सात इंच. तेवढ्यावरूनच त्याला स्पर्धेत घेण्यास नकार मिळाला असे सांगितले जाते. मग जाहीर आव्हाने सुरू झाली. कोणत्याही वजनाच्या तिघा मल्लांना अर्ध्या तासात पाडून दाखवीन, हे त्यातले गाजलेले आव्हान. ते फसवेगिरीचे वाटून प्रथम कोणी पुढे आले नाही. शेवटी अमेरिकेचा डॉक्टर रोलर तयार झाला. ऑगस्टमध्ये झालेल्या या लढतीत गामाने त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत चीत केले.

पण गामाला रोलर नको होता. त्याला हवे होते दोघे : अमेरिकेचा फ्रँक गॉच आणि रशियन साम्राज्यातून आलेला जॉर्ज हाकेनश्मिट. गॉचने १९०८ मध्ये शिकागोला हाकेनश्मिटला हरवून जगज्जेतेपद मिळवले होते. या दोघांपैकी कोणीही गामाचे आव्हान स्वीकारले नाही. त्यांना भीती वाटली असेलच असे नाही. अमेरिकेत गॉच आणि हाकेनश्मिट यांच्या फेरलढतीवर प्रचंड पैसा लागणार होता. सप्टेंबर १९११ मध्ये ती झालीही. मग एका अपरिचित हिंदी मल्लाशी लढून गमावण्यासारखे सर्व काही आणि कमावण्यासारखे फारच थोडे, असा व्यवहार कोणता व्यवस्थापक करील? विजेत्याला भाग पाडणारी संस्था नव्हती आणि गामाच्या पाठीशी सरकारही नव्हते; उलट सरकार परक्यांचे होते.

याच सुमारास मुष्टियुद्धात काय चालले होते, ते पाहणे उद्बोधक आहे. कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनला विजेतेपदाची संधी मिळवण्यासाठी टॉमी बर्न्सचा जगभर पाठलाग करावा लागला. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीला ती लढत झाली. बर्न्सला तीस हजार डॉलर आणि जॉन्सनला पाच हजार. जिंकला जॉन्सन. पुढे जुलै १९१० मध्ये त्याने रेनो येथे जेफ्रीजला लोळवले आणि अमेरिकेत वांशिक दंगली उसळल्या. गंमत अशी, की विजेता झाल्यावर याच जॉन्सनने सॅम लँगफर्ड या तितक्याच तोलाच्या कृष्णवर्णीयाला पुन्हा संधी दिली नाही. व्यवहाराला रंग नसतो, हे खरे.

गामाला अखेर मिळाला तो पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिस्को. हा काही दुय्यम मल्ल नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये तो शिकागोला गॉचशी जगज्जेतेपदासाठी लढला होता. इनाम २५० पौंड आणि जॉन बुल पट्टा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश स्टेडियममध्ये कुस्ती सुरू झाली. पहिल्या मिनिटाभरातच गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर झ्बिस्को जो गादीवर पालथा पडला, तो जवळजवळ उठलाच नाही. अडीच तासांहून अधिक काळ गामा त्या अवाढव्य देहाला उलथवण्याची खटपट करीत राहिला. प्रेक्षक कंटाळले, संतापले. अंधार पडू लागल्यावर कुस्ती थांबवली गेली.

झ्बिस्कोला भित्रा म्हणून हिणवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते पूर्णपणे न्यायाचे नाही. तत्कालीन नियमांत त्याचे वागणे बसत होते. हिंदी कुस्ती मातीवरची. उभ्याने डाव टाकून समोरच्याला आस्मान दाखवायचे, हा तिचा धर्म. गादीवर पालथ्या पडलेल्या माणसाला तासन्‌तास उलटवत बसणे गामाच्या शिकवणीत बसत नव्हते. लढत कशावर होणार, हेही वाटाघाटीचेच कलम असते, आणि त्या कलमावर गामाची बाजू लंगडी होती.

फेरलढत १७ सप्टेंबरला ठरली. गामा आला, झ्बिस्को आलाच नाही. पट्टा आणि इनाम गामाला देण्यात आले. जगज्जेतेपदाचा मान मिळाला, तो प्रतिस्पर्धी गैरहजर राहिल्यामुळे! याच दौऱ्यात इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेम याला काही मिनिटांत पाडले होते. त्यानंतर या मंडळींना लंडनमध्ये लढत मिळणेच कठीण झाले. दौरा यशस्वी होऊनही धंद्याच्या दृष्टीने संपला होता.

परतल्यावर अलाहाबादेत रहीम सुलतानीवाल्याशी अखेरची कुस्ती झाली. दीर्घ झुंजीनंतर गामा विजयी ठरला आणि रुस्तुम-ए-हिंद किताबाबद्दल वाद उरला नाही. रहीमविषयी गामाला शेवटपर्यंत आदर होता. आपला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी म्हणून तो त्याचेच नाव घेई.

झ्बिस्कोचे देणे मात्र अठरा वर्षे थकले होते. ते पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी फेडून घेतले. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळात खास मैदान उभारले गेले. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. या वेळी खाली गादी नव्हती, माती होती. हजारो लोक दुरून आले होते. अनेकांना जागेवर नीट बसायलाही वेळ मिळाला नाही. मिनिटभराच्या आत झ्बिस्को पाठीवर होता. लंडनमध्ये अडीच तासांत जे झाले नाही ते इथे काही सेकंदांत झाले. माती आणि गादी यांतील फरक याहून स्पष्टपणे कोण सांगू शकेल? झ्बिस्कोने पराभव मोकळेपणाने मान्य केला, हेही नोंदवले पाहिजे.

१९२९ मध्ये पीटरसन नावाच्या युरोपीय मल्लालाही गामाने झटपट हरवले. त्यानंतर तोलाचा प्रतिस्पर्धी उरलाच नाही. मोठा मल्ल असा न लढताच म्हातारा होत जातो.

फाळणीच्या वेळी गामा लाहोरात होता. १९४७ च्या त्या दिवसांत मोहनी रोडवरील आपल्या वस्तीतल्या हिंदू कुटुंबांच्या रक्षणासाठी तो भावाबंदांसह उभा राहिला, ही आठवण दोन्ही देशांत सांगितली जाते. पतियाळाचा आश्रय तुटला होता, संस्थानेच संपत आली होती. ज्यांच्या दरबारात जोडी लागत आणि खुराक मिळे, ते राजेच उरले नाहीत. गामाची मुले आधीच गेली होती. मागे होते ते इमाम बक्षचे पुत्र भोलू आणि त्याचे भाऊ. उत्तरायुष्य आजारपणात आणि ओढगस्तीत गेले. उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी भारतातून मदत पाठवली होती.

२३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामाचे निधन झाले. गॉच १९१७ मध्येच वारला होता. हाकेनश्मिट मात्र पुढे आठ वर्षे जगला आणि १९६८ मध्ये नव्वदीत लंडनमध्ये गेला. वयाने दोघांत जेमतेम वर्षभराचे अंतर होते. त्यांची कुस्ती मात्र कधीच लागली नाही.