सूरश्री केसरबाई केरकर

गोमंतकातील केरी या गावी १८९२ साली केसरबाईंचा जन्म झाला. अनेक गुरूंकडे शिकूनही त्यांची विद्येची तहान भागेना. अखेर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा शिष्या म्हणून स्वीकार केला. खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, त्यांची तालीम चालली. केसरबाईंनी ध्वनिमुद्रिका थोड्याच दिल्या. तासभर खुलणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत कोंडणे त्यांना रुचत नसे. तथापि, त्यांचा सूर दूरवर नेला तो अशाच एका लहानशा ध्वनिमुद्रणाने. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांवरील सुवर्णमुलाम्याच्या तबकड्यांत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या भैरवीचा प्रवास आज ताऱ्यांमधील अवकाशात चालू आहे.