शाहीर राम जोशी : डफ आणि चिपळ्या

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची पडली आणि तिचेच पुढे लष्कर झाले. आपला सराफा बाजार त्या लष्करातलाच. ही वस्ती उभी राहत होती तेव्हा तिकडे दक्षिणेत एक मोठा शाहीर आयुष्याच्या अखेरीस आला होता. हे सोलापूरचे राम जोशी. १८१२ च्या सुमारास ते वारले. फौजेबरोबर इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांच्या कानांवर त्यांची एखादी लावणी पडली असेल, असे मानायला आम्हाला आवडते.

आज त्यांचे नाव माहीत आहे ते बहुतेकांना चित्रपटामुळे. राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ साली आला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत, राम जोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. चित्रपट इतका चालला की मराठीत तमाशापटांची रांगच लागली. हिंदीतही तो निघाला. पण चित्रपट पाहून उठणाऱ्याच्या मनात राहतो तो फड, बयेचे नाचणे आणि उधळून दिलेले आयुष्य. विद्वान राम जोशी मागे पडतात.

त्यांचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापुरात, जोशीपण चालवणाऱ्या ब्राह्मण घरात झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी नावाजलेले पुराणिक. धाकट्यानेही पोथी सोडावी, पुराण सांगावे, ही घरची अपेक्षा. पण रामचे पाय वळत ते धोंडी शाहिराच्या तमाशाकडे. ब्राह्मणाचा मुलगा डफ-तुणतुण्याच्या संगतीत बसतो, फडासाठी लावण्या रचतो, हे त्या काळी सहन होण्यासारखे नव्हते. भावाने घराबाहेर काढले.

इथे दुसरा कोणी कायमचा फडात गेला असता. राम जोशी पंढरपूरला गेले, गुरूच्या घरी राहून संस्कृत शिकले, काव्य आणि शास्त्र वाचले आणि सोलापूरला परत येऊन कीर्तन करू लागले. भावाची नाराजी अशी परस्पर फिटली. पण मन रमले नाही. पुन्हा फड, आणि आता स्वतःचा. फरक एवढाच की डफाच्या थापेवर आता संस्कृत वृत्तांची घडण आणि पंडिती श्लेष उतरू लागले. एकाच रचनेत दोन-चार भाषा गुंफण्याची हौसही त्यांनी भागवून घेतली; मराठी, कानडी, तेलुगू कानावर पडणाऱ्या सोलापुरात ते परकेही वाटले नसेल. शृंगाराच्या लावण्या गाजल्याच, पण त्याच लेखणीने ढोंगी सोवळ्यावर कोरडे ओढले आणि देहाच्या नश्वरतेचा उपदेशही केला. पैसा आला तसा गेला आणि कर्ज झाले.

मग बारामतीचे मोरोपंत. पंडित कवींमधला हा शेवटचा मोठा माणूस. त्यांनी राम जोशींची प्रतिभा ओळखली आणि ती कीर्तनाकडे वळवली. राम जोशींनी डफ फोडून टाकला, अशी कथा सांगतात. चित्रपटांना आणि कीर्तनकारांनाही ती फार आवडते, कारण तीत वाट चुकलेला माणूस घरी येतो.

आम्हाला ती तशी वाटत नाही. मोरोपंतांची आर्या म्हणजे घट्ट विणीची, समासांनी भरलेली रचना. वाचताना भले भले अडतात. ती गावोगावच्या साध्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यात राम जोशींच्या कीर्तनांचा मोठा वाटा आहे. हजार माणसांचा जमाव गप्प कसा करावा, हसवावा कधी, आवाज कुठे चढवावा, हे त्यांना पंढरपूरच्या पाठशाळेत कोणी शिकवले नव्हते. ते फडात शिकले. आर्येचे उपकार मानायचे तर डफाचेही मानावे लागतील.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आपल्या उत्सवाशी आहे. हे शहर हद्दू-हस्सू खाँचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे गाणे शिकून गेले आणि महाराष्ट्रात ख्याल रुजला. त्यामुळे आपल्या मंडपात शास्त्रीय गायन हवेच, कीर्तन हवेच, नाट्यगीतेही. लावणीचे नाव काढले की मात्र बैठकीत कुजबूज होते, घरंदाज मंडळी येतात, मुली-सुना असतात. मुद्गल जोशींनीही याहून वेगळे काय म्हटले असेल?

राम जोशींच्या लावण्यांची एक संध्याकाळ पुढच्या वर्षी ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे देत आहोत. गाणारे आपल्यातच आहेत, हार्मोनियम-ढोलकीही मिळेल. डफ तेवढा बाहेरून आणावा लागेल.