सिम्स यांनी न लावलेली फूटपट्टी

लघवीवर ताबा राहत नाही, ओटीपोटात काही खाली सरकल्यासारखं वाटतं, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते, तेव्हा आज अनेक ठिकाणी तिच्यापुढे आधी प्रश्नावली ठेवली जाते. स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणवले गेलेले डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांच्या काळात हे साधन नव्हतं.

सिम्स यांचा जन्म १८१३ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात झाला. १८३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे अलाबामातल्या माँटगोमेरीत त्यांनी व्यवसाय थाटला. तिथे काही गुलाम स्त्रिया त्यांच्याकडे आणल्या गेल्या. बाळंतपण फार काळ अडलं, की बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनी यांमधल्या भागाला भोक पडतं आणि लघवी सतत झिरपत राहते. त्यावर तेव्हा खात्रीचा इलाज नव्हता. चमचा वाकवून सिम्स यांनी ती जखम नीट पाहिली. त्यातूनच त्यांचं तपासणीचं उपकरण घडलं.

१८४५ ते १८४९ या काळात अनार्का, लुसी, बेट्सी आणि इतर गुलाम स्त्रियांवर त्यांनी भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. एकट्या अनार्कावर सुमारे ३०. नकार देण्याचं स्वातंत्र्य या स्त्रियांना नव्हतं. अखेर चांदीच्या तारेचे टाके टिकले. १८५५ मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांचं रुग्णालय उभं राहिलं, कीर्ती युरोपात पोहोचली. १८८३ मध्ये सिम्स वारले. सेंट्रल पार्कजवळचा त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला.

अनार्काची कहाणी आपल्याला कळते ती सिम्स यांच्या लेखणीतून. तिच्या स्वतःच्या शब्दांत काहीच उरलेलं नाही. भोक बुजलं का, ही सिम्स यांची फूटपट्टी. बाईला स्वतःला किती बरं वाटतं, ही दुसरी फूटपट्टी प्रश्नावलीने दिली. पण तीही बाईच्या भाषेत हवी. म्हणूनच अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक स्त्रियांसाठी अशा इंग्रजी प्रश्नावल्यांचं भाषांतर झालं. नुसतं भाषांतर पुरत नाही. मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून मुळाशी ताडतात, कोणत्या शब्दाचा काय अर्थ लागला हे रुग्णांनाच विचारतात, काही दिवसांनी तेच प्रश्न देऊन उत्तरं जुळतात का पाहतात. मेक्सिकोतल्या बाईला स्पेनमधला शब्द परका वाटू शकतो, आणि प्रश्नच चुकला तर उत्तरही चुकतं.

टाका नीट बसला की नाही, हे डॉक्टर सांगतील. त्रास खरंच थांबला का, हे तिलाच विचारावं लागतं.