अर्व्हिंग लँगम्युअर

अर्व्हिंग लँगम्युअर (३१ जानेवारी, १८८१:ब्रूकलिन, न्यू यॉर्क, अमेरिका - १६ ऑगस्ट, १९५७:वूड्स होल, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. पृष्ठभाग रसायनशास्त्रातील संशोधनासाठी त्यांना १९३२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थंड प्रदेशांतील तारा, मनोरे व विमाने यांवर बर्फ कसा साचतो, याच्या गणिती अभ्यासातही त्यांचे कार्य पायाभूत मानले जाते.

जीवन

लँगम्युअर यांनी १९०३ साली कोलंबिया विद्यापीठातून धातुशास्त्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात वाल्थर नेर्न्स्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९०६ साली डॉक्टरेट मिळवली. १९०९ ते १९५० या काळात ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत कार्यरत होते. वायू भरलेल्या विजेच्या दिव्याच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे.

बर्फविषयक संशोधन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लँगम्युअर व त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन (उंची १,९१७ मीटर) या शिखरावरील वेधशाळेत संशोधन केले. तेथील ढगांत शून्य अंश सेल्सियसखालीही द्रवरूप राहिलेले अतिशीत जलबिंदू असतात. ते एखाद्या वस्तूवर आदळताच गोठतात व तिच्यावर बर्फाचा थर चढतो.

लँगम्युअर यांनी कॅथरीन ब्लॉजेट यांच्यासह या बिंदूंच्या मार्गांचे गणित मांडले. जाड खांबापुढे वारा दुरूनच वळतो आणि लहान बिंदू वाऱ्याबरोबर बाजूने निघून जातात. बारीक तारेजवळ मात्र वळण्यास अवधी अपुरा पडतो. त्यामुळे तिच्या वाटेतील बिंदूंपैकी अधिक प्रमाणात बिंदू तिच्यावर आदळतात. वेगवेगळ्या व्यासांच्या फिरत्या दंडगोलांवर साचलेला बर्फ तोलून ढगातील पाणी व बिंदूंचा आकार ठरवण्याची पद्धतही या गणितावर आधारलेली आहे.

महत्त्व

उंच मनोऱ्यांना आधार देणाऱ्या ताणतारा बारीक असल्याने त्यांवर बर्फ झपाट्याने चढतो. त्याने तारेचे वजन वाढते, तसेच वाऱ्याला अडणारा तिचा आकारही वाढतो. भार मर्यादेपलीकडे गेल्यास तार तुटून संपूर्ण मनोरा कोसळू शकतो. बिंदूंचे आदळणे टाळता येत नसल्याने तारा तापवणे, साचलेला बर्फ झटकून पाडणे किंवा अपेक्षित हिमभार आधीच मोजून त्यानुसार मनोऱ्याची रचना करणे, हेच मार्ग उरतात. हा भार मोजताना बिंदू आदळण्याचे प्रमाण आजही विचारात घेतले जाते.

उत्तरायुष्य

१९४६ नंतर लँगम्युअर कृत्रिम पावसाच्या प्रयोगांकडे वळले. त्यांच्या यशाबद्दलचे त्यांचे अनेक दावे तत्कालीन हवामानशास्त्रज्ञांनी मान्य केले नाहीत.